मालकांनी जाळलेला टायर

केडगाव संपता संपता पुणे रस्त्याला जिथे आता मोटारींचं काचेचं दालन उभं आहे, तिथे पूर्वी डोंगर होता. टायरांचा. खोटं वाटत असेल तर केडगावातल्या कुठल्याही कावळ्याला विचारा, त्यांच्या कित्येक पिढ्यांची बाळंतपणं त्या डोंगरावर झाली आहेत. वैशाखात त्याचा वास थेट सुप्यापर्यंत जायचा आणि एसटीत डुलक्या घेणारी माणसं डोळे न उघडता पिशव्या सावरायला लागायची, "उठा, नगर आलं." आता त्या जागी दार उघडलं की गार वारा येतो आणि टाय घातलेला मुलगा पाण्याची बाटली पुढे करतो. मला त्या पाण्याचा घोट उतरत नाही. मला तो वास पाहिजे.

डोंगराच्या पायथ्याशी पत्र्याचा एक गाळा होता, तो माझा. म्हणजे भाड्यानं माझा. त्यात मी फ्लेक्स छापायचो. आणि डोंगर, गाळा, गाळ्यावरचं जांभळीचं झाड आणि त्याच्यावरची कावळ्यांची वस्ती ज्यांच्या मालकीची होती, ते मालक. सगळे त्यांना मालकच म्हणायचे. पोलीस, पोस्टमन, त्यांची स्वतःची मुलगीसुद्धा.

मालक सहा फुटांहून उंच. मिशी अशी, की तिच्यात एकदा चिमणी अडकल्याचं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिंक आली की रस्त्यावरचे ट्रक ब्रेक मारायचे. बसायला ट्रॅक्टरच्या मोठ्या टायरात गादी घातलेलं सिंहासन. त्यात ते सकाळी एकदा बसले की दुपारच्या भाकरीला त्यांना उपसून काढायला दोन माणसं लागायची. तरुणपणी ट्रक चालवलेला, नंतर जुन्या टायरांचा धंदा. आठवडाभर खाकी अर्धी चड्डी, आणि रविवारी चर्चला जाताना असा पांढराशुभ्र लेंगा-सदरा, की बघणाऱ्याला डोळ्यांवर हात धरावा लागे.

मला ते आर्टिस्ट म्हणायचे. "काय आर्टिस्ट, आज कोन जन्माला आलं?" म्हणजे आज कुठल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आहे, असं.

टायर वाचणं हा त्यांचा मोठा नाद. लोक हात दाखवतात, मालकांना टायर दाखवायचा. झिजलेल्या नक्षीवरून तळवा फिरवत डोळे मिटायचे आणि सांगायला लागायचे, "ह्यो गडी बायकोला भिऊन ब्रेक मारतो." "ह्याचं घर चढाला हाय." सांगणं इतकं ठाम, की माणूस आपलं घर उतारावर असूनही मान डोलवायचा. बहुतेक वेळा साफ चुकायचं. एकदा एका स्कूटरच्या टायरावरून हात फिरवून भर चौकात जाहीर केलं, "ह्यो मानूस लई पितो. कडा बघा, रस्ता सोडून चाललाय." टायर निघाला त्यांच्याच चर्चच्या पाळकसाहेबांचा. पाळकसाहेब मागेच उभे होते. ते शांतपणे म्हणाले, "मालक, रस्ता वाकडा आहे. मी सरळच जातो." पुढचे कित्येक रविवार मालक उपासनेला शेवटच्या बाकावर बसले.

पण त्यांची एक गोष्ट कधी चुकली नाही. मालकांनी टायर जाळू दिला नाही. भंगारवाले यायचे, आतली तार काढायची तर जाळणं सोपं. मालक म्हणायचे, "तार पाह्यजे? सुरी घे, घाम गाळ." वीटभट्टीवाले यायचे, गुऱ्हाळवाले यायचे. मालक चहा पाजायचे आणि हात हलवत परत पाठवायचे. "अरे, ज्यानं आयुष्यभर मान्सं वाह्यली, त्याला म्हातारपनी पेटवायचं? तुज्या बापाला पेटीवशील का जित्तेपनी?" वर आणखी म्हणायचे, "मानूस जळला तर राख हुती. टायर जळला तर गावाच्या नाकात बसतो."

त्यांनी माझ्याकडून एक फ्लेक्स छापून घेऊन फाटकावर लावला होता. मजकूर त्यांचा: 'येथे टायर जाळणे गुन्हा आहे. जाळणाऱ्यास देव आणि महानगरपालिका दोघेही क्षमा करणार नाहीत.' मी म्हटलं, देवाचं नाव आधी कशाला? म्हणाले, "देव कधीतरी येतो तपासायला."

आता विचार करा, असा माणूस आणि आमचा जिल्हा! आमच्याकडे रस्ता अडवल्याशिवाय आंदोलन होत नाही, आणि टायर पेटल्याशिवाय रस्ता अडला असं कुणी मानत नाही. झाडून सगळ्या पक्षांचे कार्यकर्ते आदल्या दिवशी फ्लेक्ससाठी माझ्याकडे आणि टायरांसाठी मालकांकडे. मालक सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे. एकदा तर पोरांनी फारच गळ घातली. "मालक, फोटो यायला पाहिजे पेपरात. जाळ दिसला नाही तर साहेब आम्हालाच जाळतील."

मालक मिशीवर हात फिरवत माझ्या गाळ्यात आले. "आर्टिस्ट, जाळ छापता येतो का?"

मी छापला. असा जाळ छापला, की मशीनमधून बाहेर येताना मीच दोन पावलं मागे सरकलो. तो फ्लेक्स टायरांना गुंडाळला, टायर रस्त्यात उभे केले, मागे उदबत्त्यांचे पुडे लावले धुरासाठी. रास्ता रोको झाला, फोटो आला, साहेब खूश. अग्निशामक गाडी आली, तेव्हा त्यातल्या जवानानं पाईप सोडला आणि जाळ भिजला, पण विझेना. तो बिचारा अजून त्या धक्क्यातून सावरलेला नाही म्हणतात. संध्याकाळी मालकांनी टायर मोजून परत घेतले आणि जाळ घडी घालून ठेवला. पुढच्या महिन्यात विरोधी पक्षानं तोच जाळ नेला. नाताळात हेच टायर एकावर एक, खाली जेसीबीचा आणि वर लुनाचा, असं झाड करून मालक दिवे लावायचे. तेव्हा दोन्ही पक्षांचे लोक फराळाला हजर.

पण गोष्ट बिघडली ती माशांमुळे.

त्या पावसाळ्यात मागच्या कॉलनीत डेंग्यूचे ताप निघाले. टायरांत पाणी साचतं, पाण्यात डास होतात, हे खरंच. आरोग्य खात्याचा माणूस आला आणि त्यानं पिशवीतून गप्पी मासे आणून मोठ्या टायरांतल्या पाण्यात सोडले. डासांच्या अळ्या खातात म्हणे. मालकांना ते मासे इतके आवडले, की रोज सकाळी सिंहासन सोडून माशांना भाकरीचा चुरा टाकायला जाऊ लागले. लहान टायर त्यांनी एकूण एक पालथे केले, भोकं पाडली. पण जेसीबीच्या टायरातलं पाणी काही ओतेनात. मग आले स्वच्छता निरीक्षक. अजून तरुण, बुटांना चिखल लागू न देता चालणारे.

"पाणी साचवलंय. गुन्हा आहे हा."

"पानी वरच्यानं दिलं, मासे तुमच्या हापिसानं दिले," मालक म्हणाले. "माझा निस्ता टायर हाय. कुनाकुनावर केस करनार?"

त्याच वेळी आरोग्य खात्याचा माणूस मासे कसे आहेत बघायला आला. एक म्हणे पाणी काढा, दुसरा म्हणे मासे मरतील. दोन्ही सरकारी माणसं जेसीबीच्या टायराच्या दोन बाजूंना उभी राहून अशी भांडली, की मासे तळाशी जाऊन बसले. मालक मधे बसून दोघांना चहा देत होते. ती मजा मालकांना महागात पडली. निरीक्षकांनी लेखी बजावलं. परवाना नसताना टायर साठवले आहेत, हे यावेळी ताकीद देऊन सोडतो. पण ह्या आवाराबद्दल पुन्हा एक तक्रार आली, पाण्याची नाहीतर धुराची, तर सरळ फौजदारी खटला आणि फाटकाला कुलूप.

मालकांनी मासे बादलीत घालून चर्चच्या विहिरीत सोडले. परत येऊन सिंहासनात बसले. मग म्हणाले, "आर्टिस्ट, हे आवार गेलं तर म्या बसू कुठं?" एवढा मोठा माणूस, पण त्या दिवशी सिंहासनात सैल दिसला.

दिवाळी झाली की जामखेडकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या, शिरूर-दौंडच्या कारखान्यांकडे. टायरगाड्या, बैल, वर संसार, संसारावर कोंबड्या. ज्यांच्या गाड्यांचे टायर वाटेत दम सोडायचे, ते मालकांच्या आवारात उतरायचे. मालक त्यांच्यासाठी वर्षभर चांगले टायर बाजूला काढून ठेवायचे. झिजलेला द्यायचा, बरा घेऊन जायचा, असा रिवाज. गाडीवानाला काही विचारायचे नाहीत. बैलाच्या खांद्याला हात लावायचे आणि त्याला मानवेल असा टायर निवडायचे. त्या दोन-चार दिवसांत आवारात चुली पेटायच्या, पोरं टायरांत लपायची आणि मालक सिंहासन सोडून जमिनीवर मांडी घालून त्यांची चटणी-भाकरी खायचे.

त्या वर्षी टोळी आली आणि मागोमाग अवकाळी पाऊस आला. शनिवारभर कोसळला. रविवार उजाडला तेव्हा सगळं जळण भिजलेलं. मालक पांढरे कपडे करून, पवित्र शास्त्र काखेत मारून चर्चला गेले. मी दहाच्या सुमाराला येत होतो, कुणाचा तरी वाढदिवस होताच. लांबूनच पाहिलं, मालकांच्या डोंगरातून काळा धूर सरळ वर चाललेला. मी पळत सुटलो.

आत गेलो तर एका गाडीखाली ताडपत्री, भोवती बायका, आणि बाळाचं रडणं. टोळीतली एक पोर इथे आवारातच अडली होती. रुग्णवाहिकेला फोन केलेला, पण तिची वाट बघायला बाळ तयार नव्हतं. म्हाताऱ्या बायांनी सोडवलं. आईला आणि बाळाला न्हाऊ घालायला कढत पाणी पाहिजे, ओलं लाकूड धुपण्यापलीकडे काही करीना. मग त्या पोरीच्या नवऱ्यानं समोर होता तो टायर ओढला, रॉकेल टाकलं आणि पेटवला. त्याला वाचता येत नव्हतं. फाटकावर देवाचं आणि महानगरपालिकेचं नाव लिहिलेलं आहे हे त्याला कोण सांगणार? जाळावर हंडा उकळत होता, हातात सळई घेऊन तो उभा होता, तोंड काळं, आणि खुळ्यासारखा हसत होता. पोरगी झाली होती.

मागच्या कॉलनीच्या गच्च्यांवर माणसं मोबाईल धरून उभी होती. निरीक्षक आले, सोबत पोलीस. आणि त्यांच्या पाठोपाठ फाटकातून मालक आले.

मालकांनी आधी जाळ पाहिला. मग हंडा, मग ताडपत्री. निरीक्षकांनी विचारलं, "कोणी पेटवला? ज्यानं पेटवला त्याला ठाण्यात घ्या."

त्या गाडीवानाचं हसू जागच्या जागी गोठलं. टोळी दुपारी निघणार होती. हा इथं अडकला, की बाळंतीण, बैल, गाडी सगळं वाऱ्यावर, आणि पुढे कोर्टाच्या तारखा. त्याच्या तोंडातून शब्द निघायच्या आत मालकांनी त्याच्या हातातली सळई काढून घेतली.

"दे रे इकडं. किती येळ धरतो? म्या पेटवला साहेब."

निरीक्षकांनी त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. "मालक, तुम्ही पांढऱ्या कपड्यांत टायर जाळता?"

"रविवारी जरा सवड घावती," मालक म्हणाले, आणि सळईची काजळी सावकाश सदऱ्याला पुसली.

"आणि फाटकावर लिहिलंय ते?"

"दुसऱ्यांसाठी हाय ते."

रुग्णवाहिका आली, आई-बाळाला तपासून गेली, सगळं ठीक होतं. टोळी दुपारी निघाली. गाडीवानाला नीटसं काही कळलं नव्हतं. तो पाया पडायला वाकला तर मालकांनी त्याला दंडाला धरून उचललं. "निघ. टायरला हवा कमी हाय, फुडं भरून घे." मला बाजूला घेऊन दम दिला, "त्याला काय बोलायचं न्हाई. पोरीच्या जन्माला केस चिकटवू नगं."

खटला उभा राहिला. आता गंमत बघा. त्या सकाळी त्या वेळी मालक कुठे होते, हे अख्ख्या चर्चनं पाहिलं होतं! धूर निघाला तेव्हा मालक तिसरं गीत बेसूर गात होते, आणि त्यांचं गाणं असं, की ते विसरणं कुणाला शक्य नव्हतं. पाळकसाहेब स्वतः गाळ्यात आले. "मी साक्ष देतो. मंडळीतले पन्नास जण देतील."

मालक घाबरले. मी त्यांना पहिल्यांदाच घाबरलेलं पाहिलं. "साहेब, नगा देऊ."

"मी खोटं बोलणार नाही, मालक."

"खोटं बोला आसं कोन म्हंतंय? बोलूच नगा."

"आणि तुम्ही? तुम्ही कोर्टात काय सांगणार? शपथ घेऊन?"

मालकांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. खाली म्हणजे फक्त केडगावापुरता. "वकिलाला इचारलंय म्या. आरोपीला शपथ देत न्हाईत."

पाळकसाहेबांनी वर जांभळीकडे पाहिलं. मग उठले, मालकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि स्कूटर चालू करून गेले. ती स्कूटर त्या दिवशी खरंच थोडी वाकडी चालली.

वकील म्हणाला होता, अज्ञात इसमानं पेटवला म्हणा, सुटाल. मालक म्हणाले, अज्ञात म्हटलं की हुडकाय निघतील, आणि टोळी हुडकायला कितीसा उशीर? कोर्टात मॅजिस्ट्रेट बाईंनी विचारलं, गुन्हा कबूल आहे का? ज्या माणसानं वीटभट्टीवाल्यांना, पुढाऱ्यांना, मंत्र्यांच्या पुतण्यांना एक टायर जाळू दिला नाही, तो हात जोडून म्हणाला, "व्हय. म्याच जाळला."

"का जाळला?"

"थंडी लई हुती, बाई."

मी मागच्या बाकावर होतो. मला माहीत होतं, ह्या माणसानं आयुष्यात स्वेटर घातलेला नाही.

दंड झाला आणि कोर्ट उठेपर्यंतची कैद झाली. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिथेच बाकावर बसायचं. मालक बसले. मधल्या सुट्टीत निकाल ऐकलेले दोन कार्यकर्ते जवळ आले. "काय मालक! आम्ही मागितला तर बाप काढत होता. स्वतः जाळला ना शेवटी?" मालक मान खाली घालून बसले. जन्मात पहिल्यांदा ती मिशी मला खाली वळलेली दिसली.

आवाराला कुलूप लागलं. परवानावाल्या कंपनीच्या गाड्या आल्या आणि डोंगर भरून नेला. कावळे काही दिवस मोकळ्या जागेवर घिरट्या घालत राहिले. मुलगी येऊन मालकांना राहात्याला घेऊन गेली. मी रस्त्यापलीकडे दुसरा गाळा घेतला. समोर काच उभी राहिली, आत मोटारी आल्या. माझा धंदा वाढला, पण "आज कोन जन्माला आलं" असं विचारायला कुणी उरलं नाही. कधी कधी मी मशीन बंद करून नुसता समोर बघत बसतो.

पुढच्या हंगामात टोळी आली. मी पाहिलं, काचेच्या दालनासमोर एक टायरगाडी थांबली आहे आणि टायवाला मुलगा तिला हाकलतो आहे. मी रस्ता ओलांडून गेलो. तोच गाडीवान. गाडीच्या तोंडाशी त्याची बायको, मांडीवर पोरगी, पोरीच्या हातात बैलाचा कासरा आणि तोंडात कासऱ्याचं टोक.

"भाऊ, मालक कुठं गेलं हो? ह्ये काय झालं समदं?"

मी म्हटलं, लेकीकडे राहायला गेले, म्हातारे झाले. ओठांवर आलेलं बाकीचं गिळलं.

त्यानं गाडीत मागून एक टायर काढला. धुऊन-पुसून चकचकीत केलेला. "त्यांचा येक जाळला हुता आमी, पोरीच्या वख्ताला. इचारायचं ऱ्हायलं. बदली आनलाय. चांगला हाय, पंक्चर न्हाई. तुमी पोचवता का?"

त्या टायरासकट मी राहात्याची एसटी पकडली. कंडक्टर म्हणाला, ह्याचं तिकीट लागंल. मी म्हटलं, हा चाकरीत असताना ह्यानं लोकांना फुकट नेलंय, आज ह्याला न्या. त्यानं तरी तिकीट फाडलंच.

मालक पेरूच्या बागेत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. एवढ्याशा खुर्चीत मावत होते, ह्याचंच मला वाईट वाटलं. अंगाला पावडरीचा वास. मी टायर समोर ठेवला आणि कुणी दिला ते सांगितलं. त्यांनी त्याला हात लावला नाही.

"त्याला कळलं का?"

"नाही, मालक. तुम्ही नको म्हणाला होता."

"पोरगी कशी हाय?"

"बैलाचा कासरा खाते."

मालकांचे डोळे बारीक झाले. मग त्या खुर्चीत ते हळूहळू ताठ झाले, पाठ सरळ, छाती पुढे, मिशीच्या टोकाला बोट. पेरू तोडणाऱ्या दोन बाया खुर्चीचा आवाज ऐकून वळल्या.

"येकच जाळला आर्टिस्ट, उभ्या जन्मात," मालक म्हणाले. "पन काय पेटवला हुता म्या! आँ?"

"जामखेडातनं दिसला, मालक," मी म्हटलं.